रेरिओ

हे प्रकरण मी बरीच वर्षं टाळत आलो. रेडिओवरच्या आयुष्याबद्दल आजवर पुष्कळ बोलून झालं आहे, इथे ठाण्यातही आणि तिकडे कॅनडातही. मुलाखत घेणारा हमखास विचारतो, "तुमची ती कोळीण मावशी, ती कुठे सापडली तुम्हाला?" आणि मी हसून सांगतो, "सापडायची कशाला, सुचली." कधी रंगात असलो तर पुढे जोडतो की एके दिवशी स्टुडिओत कलाकार आला नाही आणि वेळ मारून न्यायला मी आवाज बदलून बोललो. कलाकार आला नव्हता हे खरं आहे. सुचली हे खोटं. मावशी कोलशेतला, आमच्या घराच्या मागच्या पडवीत, खाडीकडे तोंड करून विळीवर मासळी साफ करत बसायची. तिचं नाव चांगुणा. माझ्या थोरल्या भावाची, धर्मादादाची, ती बायको. गेल्या हिवाळ्यात तिचं वर्षश्राद्ध झालं. पिंडाला कावळा लगेच शिवला. बाकीच्यांना बरं वाटलं, मला नाही.

वहिनी आमच्या घरात आली तेव्हा मी शाळेत होतो आणि आई जाऊन थोडेच महिने झाले होते. त्यामुळे वहिनी हे तिचं नातं आणि आई हे तिचं काम, असं दोन्ही तिच्यावर एकदमच पडलं. घर कौलारू, पुढे ओटा, मागे पडवी, आणि पडवीपासून दहा पावलांवर खाडी. ओहोटीला पाणी पार लांब जायचं आणि उरायचा तो काळा, चकाकणारा चिखल. त्यात निवट्या, चिखलातली ती बारकी मासळी, उड्या मारायच्या. भरती चढू लागली की त्या चिखलातून बारीक बुडबुडे फुटत, आणि तो आवाज ऐकून दादा डोळे न उघडताच म्हणायचा, "चल, पानी आला." कंपन्यांचे भोंगे होतेच, पण आमच्या घराचं घड्याळ म्हणजे ते बुडबुडे. दादा होडी घेऊन जाई, वहिनी चूल पेटवी. सकाळी तांदळाची भाकरी आणि रात्रीचं चिंबोरीचं कालवण. शिळं कालवण ताज्यापेक्षा चांगलं लागतं हे मला तिनेच शिकवलं, आणि बर्फाच्या देशात चाळीस वर्षं फ्रीज उघडताना मला दर वेळी ते आठवत राहिलं.

आता मी राहतो ती इमारत तिथून फार दूर नाही. तेराव्या मजल्याच्या गॅलरीतून खाडीची एक पट्टी दिसते. फ्लॅट दाखवणारा मुलगा मोठ्या कौतुकाने म्हणाला होता, "सर, क्रीक व्ह्यू आहे." मी त्याला सांगितलं नाही की आमच्या वेळी क्रीक व्ह्यू फुकट होता, वर वासही मिळायचा.

आमच्या बोलीत शब्दाच्या मधला ड टिकत नाही, त्याचा र होतो. घोड्याचा घोरा, गाडीची गारी. खाडीतला सगळ्यात मानाचा मासा जिताडा, तो आमच्याकडे जितारा. दादाने ठाण्याच्या बाजारातून रेडिओ आणला तेव्हा त्याचाही दारातून आत येता येता रेरिओ झाला. वहिनीने त्याला लोकरीचं झबलं विणलं आणि देवांच्या फळीखालच्या फळीवर त्याची स्थापना केली. संध्याकाळी मासळी साफ करताना तो चालू असायचा आणि ती त्याच्याशी बोलायची. निवेदक म्हणायचा, "श्रोतेहो, नमस्कार." ती म्हणायची, "नमस्कार रं बाबा. जेवलास का?" बाजारभाव सांगताना तो म्हणायचा, कांदा उतरला. "आमच्याकरं नाय उतरला. ये बगाला." हवामानाच्या बातम्यांत समुद्र खवळलेला असेल असं आलं की विळी थांबवून विचारायची, "तुना कोनी सांगला? तू कवा गेलतास दर्यान?" दादा आणि मी पोट धरून हसायचो. ती मात्र हसायची नाही, मान खाली घालून खवले काढत राहायची. ते न हसणं हीच तिची खुबी होती. डब्यात माणूस बसलेला नाही हे तिला तुमच्या-माझ्याइतकंच ठाऊक होतं. पुढचं सगळं समजायला एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागेल.

ठाण्यात खोपटला एस.टी. डेपोच्या मागे चाळी होत्या. तिथे ती पाटी घेऊन फिरायची. तिची हाक लांबून ओळखू यायची: "निवट्याऽऽ, बोयटाऽऽ, जितारा हाय गोऽऽ!" शेवटचा 'गो' ती गाण्यातल्यासारखा वर नेऊन सोडून द्यायची. गिऱ्हाइकं तिच्याशी मुद्दाम हुज्जत घालायची, कारण तिची उत्तरं ऐकायला मजा यायची. "काय गं, ताजा आहे का मासा?" असं कोणी विचारलं तर म्हणायची, "तूच इचार त्याला. माज्याशी तं सकाली बोलत व्हता."

शाळेत मास्तरांनी माझ्याकडून तो र काढून घेतला. मी 'गारी' म्हटलं की वर्ग हसायचा. मग मी खाडीच्या काठावर एकटा उभा राहून जीभ टाळूला लावत गाडी, घोडा, वाडा असं घोकायचो. ड कमावला, आणि ड आल्यावर बाकीची शुद्ध भाषाही मागोमाग आली. मी घरी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचो आणि वहिनी ऐकत असायची. एकदा म्हणाली, "काश्या, तू रेरिओन जा. त्यो बाबा नाकान बोलतो. तू बरा बोलतास." मला रेडिओची वाट पहिल्यांदा तिने दाखवली. हेही मी कोणत्या मुलाखतीत सांगितलेलं नाही.

मुंबईच्या केंद्रावर मला गावकऱ्यांसाठीच्या संध्याकाळच्या कार्यक्रमात काम मिळालं, आधी नैमित्तिक म्हणून. पहिल्या दिवशी मी फक्त बाजारभाव वाचले. घरी आलो तर रेडिओसमोर एक ताट, वर दुसरं ताट झाकलेलं. आत भाकरी, कालवण, तळलेल्या जिताड्याची तुकडी. वहिनी म्हणाली, "तू तिकरं बोलत व्हतास, तवाच इकरं ताट वारला. आता थंर झाला, खा." मी तिथेच फळीखाली मांडी घालून जेवलो. आयुष्यात माझा सत्कार पुष्कळदा झाला. त्या ताटाच्या तोडीचा एकही झाला नाही.

मग तो कलाकार न आलेला दिवस. विषय होता मासळी वाळवण्याच्या सुधारित पद्धती. एक तज्ज्ञ बोलणार आणि एक श्रोता शंका विचारणार, असं लिहिलेलं. श्रोत्याचं काम करणारे गृहस्थ आजारी पडले. आमचे अधिकारी काचेपलीकडून आत आले.

"काशिनाथ, तुम्ही खाडीकडचे ना?"

"हो साहेब."

"मग कोळणी कशा बोलतात ते येत असेल तुम्हाला."

"येतं थोडंफार."

ज्या भाषेत मी बोलायला शिकलो, ती थोडीफार! पण ध्वनिमुद्रणाचा लाल दिवा लागला आणि माझ्या तोंडून वहिनीचा आवाज आला. "आवं रेरिओवालं! तुमी त्या डब्यान बसून सांगता मासली उन्हान सुकवा. मंग आमी काय ती चांदन्यान सुकवतो?" काचेपलीकडचे सगळे हसायला लागले. तंत्रज्ञ टेबलावर डोकं टेकून हसत होता. मला असं कोणी आजवर हसून दाद दिली नव्हती. माझं अंग हलकं झालं, आणि आणखी हशा हवा म्हणून मी पुढे गेलो. मावशीला मी डब्यातल्या माणसाची काळजी करायला लावली. ती रेडिओच्या मागे वाकून बघते, आत अंधारात तो जेवतो कसा विचारते, आणि शेवटी त्याच्यासाठी भाकरी करून मागच्या भोकातून सरकवायला जाते. वहिनीची थट्टा मी घेतली आणि तिच्यातलं शहाणपण काढून टाकलं. राहिली ती वेंधळी बाई. लोकांना तीच आवडली.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी अख्खी आळी आमच्या ओट्यावर जमली होती. दादाने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. वहिनीने घावन केले होते आणि ती दाराला टेकून उभी होती. पहिलं वाक्य ऐकलं आणि शेजारचे बुधाकाका मांडीवर थाप मारून ओरडले, "आरं, ही तं चांगुना!" हशा पिकला. वहिनी सगळ्यांत जास्त हसली. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पोरं तिच्याकडे बघून "रेरिओ! रेरिओ!" करायला लागली, तरी ती हसतच होती. मग भाकरी आली. मावशी रेडिओचं मागचं भोक शोधू लागली. मी वहिनीकडे बघत नव्हतो, पण तिचं हसणं थांबलं ते मला ऐकू आलं. बाकीचे हसत होते.

सगळे गेल्यावर ती घावनाची परात उचलायला आली.

"मी अशी बोलतंव का रं, काश्या?"

"छे गं. ती दुसरीच कोणी. ते सगळं लिहून दिलेलं असतं. साहेब लिहितात."

तिने परात कमरेला लावली. "आन् भाकरीचा? त्यो पन सायबानीच लिवला?"

"हो," मी म्हणालो.

एवढा एकच शब्द. नक्कल केली याचं मला पुढे फारसं वाईट वाटलं नाही. तरुण वयात माणूस हशासाठी काहीही करतो, आणि खरं सांगितलं असतं तर तिने मला दोन शिव्या घालून ते संपवलंही असतं. पण त्या 'हो'ने मी तिला सांगितलं की तू मला मूर्ख वाटतेस, इतकी मूर्ख की हेही तुला कळणार नाही. दादा कोपऱ्यात बसून नवी विडी पेटवत होता. तो म्हणाला, "लय झ्याक झाला बरं का." वहिनी परात घेऊन आत गेली.

मावशी दर आठवड्याला यावी अशी मागणी आली. थोड्याच दिवसांनी एका सकाळी मी मुंबईची बस धरायला खोपटला आलो होतो. डेपोमागच्या चाळीकडून ओळखीची हाक आली आणि तिच्या पाठोपाठ पोरांचा गलका. "रेरिओ आली! रेरिओ आली!" वरच्या गॅलरीतून एक बाई वाकून म्हणाली, "काय गं रेरिओ, आज डब्यातल्या माणसाला भाकरी दिलीस का?" सगळी चाळ हसली. त्यात वाईट कोणाच्याच मनात नव्हतं, सगळ्यांना ती आवडत होती. डोक्यावर पाटी घेऊन वहिनी मध्येच उभी होती. मला वाटलं, आता देईल उत्तर आणि त्या बाईला गॅलरीत परत पाठवेल. तिने पाटी उतरवली, पदर सारखा केला, आणि एक एक शब्द ठेवत म्हणाली, "ताजा आहे. जि-ता-ड्डा आहे." तो ड इतका जोरात आला की लोक दुप्पट हसले.

मी दोन बसच्या मधल्या सावलीत उभा होतो. पुढे जाऊन पाटीला हात लावायला, "वहिनी, चल घरी," म्हणायला चार ढांगा पुरल्या असत्या. कंडक्टरने घंटी दिली आणि मी बसमध्ये चढलो.

त्यानंतर तिची हाक बंद झाली. खोपटला ती दारोदार जाऊन नुसती कडी वाजवायची, आणि नंतर तेही सोडून माजिवड्याच्या नाक्यावर बसायला लागली. तिथे ओरडावं लागत नाही, मासाच गिऱ्हाइकाला बोलावतो. एका दुपारी मी लवकर घरी आलो तर मागच्या पडवीतून आवाज येत होता. "गाडी. घोडा. वाडा. जिताडा." विळी चालू होती आणि त्या ठेक्यावर ती एक एक शब्द कापत होती. हेच शब्द मी त्याच खाडीकडे बघत घोकले होते. मी आलो तसा परत बाहेर गेलो.

आणि एका संध्याकाळी ती मला म्हणाली, "भावजी, आपण जेवणार का?"

कोण पाहुणा आलाय म्हणून मी मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. दादा खो खो हसला. "आगं, काय झाला तुना?"

"रेडिओवरचे आहेत ते," ती म्हणाली. "त्यांच्याशी नीट बोललं पाहिजे."

मला वाटलं हे दोन दिवस चालेल. ते तिच्या शेवटापर्यंत चाललं. दादाशी, शेजारणींशी, पुढे स्वतःच्या मुलाशी आणि सुनेशी ती बोलीतच बोलायची. मी आलो की भाषा बदलायची, जशी माणसं पाहुणा आला की चादर बदलतात. माया कमी झाली असं म्हणवत नाही. ताट तसंच भरलेलं, जिताड्याची मधली तुकडी मलाच. फक्त 'काश्या' म्हणणारं घरात कोणी उरलं नाही.

पुढे लग्न झालं, आणि बायकोच्या भावाने बोलावलं म्हणून आम्ही कॅनडाला गेलो. तिथे पोटासाठी मी गोदामात काम केलं, आणि शनिवारी सकाळी तिथल्या छोट्या केंद्रावरून मराठी माणसांसाठी एक तास कार्यक्रम. त्या तासाबद्दल मी समाधानी आहे आणि ते लपवायचं कारण नाही. नव्याने आलेल्यांना खोली कुठे मिळेल, बर्फात कोणते बूट घालावेत, डॉक्टरला छातीतली कळ कशी सांगावी, कोणाच्या घरी दुःख झालंय आणि डबा कोण नेणार, हे सगळं आम्ही हवेवरून सांगायचो. आणि सांगायची बहुतेक वेळा मावशीच. तीच गोष्ट मी शुद्ध मराठीत सांगितली तर माणसं ऐकून सोडून द्यायची. मावशी म्हणाली, "टोपी घाल रं मेल्या, कान गलून परंल," की घालायची. मुलाकडे राहायला आलेल्या डोंबिवलीच्या एक आजी घराबाहेर पडायलाच घाबरायच्या. मावशीने त्यांना हवेवरूनच दटावलं. पुढच्या शनिवारी त्यांचा फोन आला: "मावशींना सांगा, मी आज एकटी कोपऱ्यापर्यंत जाऊन आले." तिथे मी मावशीला हळूहळू पुन्हा शहाणी करत गेलो. ती डब्यामागे वाकायची थांबली, इतरांचं वेंधळेपण काढायला लागली. आता वाटतं, माझ्या परीने मी ती दुरुस्तीच करत होतो. पण ज्या बाईला ती ऐकायला हवी होती, तिच्या फळीपर्यंत आमच्या लहरी पोचत नव्हत्या. दिवाळीला फोन केला की पलीकडून यायचं, "भावजी, आपली तब्येत कशी आहे? थंडी फार आहे का?" एकही ड चुकायचा नाही.

बायको गेल्यावर मी परत आलो. दादाही तोवर गेला होता. कल्याणला आमच्या काही जुन्या श्रोत्यांनी सभागृह घेऊन माझा सत्कार ठेवला. वहिनी पुतण्याबरोबर पहिल्या रांगेत, हिरवं लुगडं नेसून, हात मांडीवर ठेवून बसली होती. लोकांनी आग्रह केला म्हणून मी मावशी केली. हशाने सभागृह दणाणलं. कोणीतरी विचारलं, कुठे सापडली? ती समोर होती. नुसतं बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हणालो, "सुचली." वहिनीने सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. खाली उतरल्यावर म्हणाली, "छान झालं, भावजी. रविवारी जेवायला या."

त्या रविवारी गेलो तेव्हा ती दारात मासळीवालीशी भांडत होती. "आगं, यो जितारा हाय का त्याचा आजा? डोले बग त्याचे, मोतीबिंदू झालाय त्याला!" तो आवाज, तो न हसता मारलेला टोला, सगळं जिथल्या तिथे होतं. मग मी दिसलो. "या भावजी. बसा."

ताट वाढलं. पुतण्याची मुलगी, वहिनीची नात, मोबाईल घेऊन शेजारी बसली होती. ती सहज म्हणाली, "आजोबा, तुमच्या तिकडच्या जुन्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग पप्पांनी आजीला लावून दिलंय. रोज दुपारी ऐकते. तुमची ती मावशी बोलली ना, की ही सुरू. तिला उत्तरं देत बसते. काल तर म्हणाली, 'बरा बोल्लीस गो बाय, आता जेव जरा.'"

"काहीतरीच सांगते," वहिनी म्हणाली, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे न बघता भाकरी मोडू लागली.

मला समजलं की तिच्या बाजूने दार अजून लावलेलं नाही. हात ताटातच ठेवून मी ठरवलं की आता बोलायचं, आणि तिच्या माझ्या भाषेत बोलायचं. 'मी आपली क्षमा मागतो' हे त्या घरात कोणी कोणाला म्हणालेलं नव्हतं. वाक्य मनात जुळवलं. वयनी, भाकरीचा मीच लिवला व्हता. मना ठावं व्हता तू खेल करतेस. मी खोटा बोललो. एवढंच. तोंड उघडलं आणि म्हणालो, "वयनी, त्या भाकरीचा..."

नात खुदकन हसली. "आजी, मावशी आली!"

खरंच, तो मावशीचाच आवाज होता. तोच हेल, तोच शेवटी वर नेलेला सूर. इतकी वर्षं मी बोली फक्त तिची नक्कल करायला वापरली होती, आणि आता माझ्याकडे माझी अशी बोली उरलीच नव्हती. मी माझ्या आवाजात पुन्हा सुरुवात करून पाहिली, मनातल्या मनात. तिथेही तीच होती. वहिनी माझ्याकडे बघत होती, हातात पळी धरून, वाट बघितल्यासारखी. मी पाण्याचा पेला उचलला.

तिने पळी पातेल्यात ठेवली. मग पातेलं पुढे ओढलं, आणि जीभ टाळूला नीट लावत, एकही अक्षर न सांडता विचारलं, "भावजी, थोडा जिताडा वाढू?"